घरचा समारंभ, घरचं जेवण, मनासारखा केक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी काही साजरं करायचं ठरलं की केकचे, जेवणाचे आणि प्रमाणाचे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. मी घरच्यांसाठी रांधते आणि ओळखीतल्यांना हवे तसे केक करून देते, त्यामुळे यातले बरेच प्रश्न मला ओट्याशी उभी असतानाच विचारले गेलेत. तिथे जशी उत्तरं दिली, तशीच इथे लिहिली आहेत.

केक कसा हवा हे ठरवायला सुरुवात कुठून करावी?

खाणाऱ्यांपासून. फोटोचं नंतर बघू. बहुतेक जण मला आधी फोटोच पाठवतात: तीन थर, कडेने ओघळलेलं चॉकलेट, वर फुलं. मी त्यांना उलट विचारते, की खाणारे किती, त्यात लहान मुलं आणि वयस्कर किती, कुणाला काय चालत नाही, केक किती वाजता कापणार आणि तोवर तो कुठे राहणार. एवढं कळलं की निम्मा केक आपोआप ठरतो. पोटभर जेवणानंतर कापायचा असेल तर हलका आणि लहान पुरतो. संध्याकाळी बाहेर मोकळ्यावर कापायचा असेल तर व्हिप्ड क्रीमचा विचार सोडून द्यावा लागतो.

माझ्या भाच्याला अंड्याची ॲलर्जी आहे. तो चार वर्षांचा असताना एका वाढदिवसाला केक कापला गेला, मुलांची रांग लागली आणि तोही कागदी ताटली धरून रांगेत उभा राहिला. पुढचं मूल सरकलं की तोही एक पाऊल सरकायचा. त्याची पाळी यायच्या आत माझ्या बहिणीने मागून येऊन ती ताटली हळूच काढून घेतली. तो रडला नाही, नुसता केककडे बघत राहिला. त्या दिवसापासून ‘कुणाला काय चालत नाही’ हा प्रश्न मी कधीच शेवटी ठेवत नाही.

अंड्याशिवाय केक खरंच चांगला होतो का?

होतो, फक्त कृती मुळातच बिनअंड्याची निवडायची. चार-पाच अंड्यांच्या स्पंजमधून अंडी काढून दुसरं काही घालण्यात अर्थ नाही, कारण तिथे अख्खा केक अंड्यातल्या हवेवर उभा असतो. एक-दोन अंड्यांचा केक असेल तर एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घालावी, किंवा साधारण ६० ग्रॅम दही. काबुली चणे शिजवलेलं घट्टसर पाणीही चालतं, एका अंड्याला तीन मोठे चमचे. हे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटता येतं, हे २०१४ साली फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी दाखवून दिलं.

माझ्या भाच्याचा केक मात्र याहून साधा असतो. मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम, खायचा सोडा १ छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा. हे सगळं एकत्र चाळून घ्यायचं. त्यात ८० मिलिलिटर तेल, १ मोठा चमचा व्हिनेगर आणि २४० मिलिलिटर पाणी घालून पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळायचं. ८ इंची टिनमध्ये, १८० अंश सेल्सियसला, ३० ते ३५ मिनिटं. अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. मिश्रण तयार झाल्यावर फोनवर बोलत बसू नका, कारण सोडा आणि व्हिनेगर भेटले की बुडबुडे तिथल्या तिथे सुटायला लागतात. ओव्हन आधी तापलेला हवा आणि मिश्रण लगेच आत जायला हवं.

ज्यांच्या घरी ॲलर्जी आहे त्यांना मी आल्फ्रेड बर्ड यांची गोष्ट आवर्जून सांगते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे हे रसायनतज्ज्ञ. त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं म्हणून १८३७ मध्ये त्यांनी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली. तिला यीस्टही चालत नव्हतं, म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर. आज आपण डब्यातून चमचाभर काढतो ती वस्तू घरातल्या एका माणसाला सगळ्यांसोबत खाता यावं म्हणून झालेली आहे.

खायचा सोडा आणि बेकिंग पावडर एकमेकांऐवजी चालतात का?

सरळ अदलाबदल नाही चालत. सोड्याला आंबट काहीतरी लागतं: दही, ताक, लिंबू, व्हिनेगर. ते नसेल तर केकला साबणासारखी चव येते. बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, वर ओल शोषायला थोडा स्टार्च. पावडर संपली असेल तर एका छोट्या चमच्याऐवजी पाव छोटा चमचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा क्रीम ऑफ टार्टर (आंबट पांढरी पूड) घाला. जुनी पावडर तपासायची तर चमचाभर गरम पाण्यात टाका. फसफसली तर चांगली.

किती जणांना किती मोठा केक लागतो?

८ इंची गोल, साधारण १० सेंटीमीटर उंच केक धरा. जेवणानंतर वाटायचे छोटे तुकडे, म्हणजे अडीच बाय पाच सेंटीमीटरचे, सुमारे २४ निघतात. केक हेच मुख्य खाणं असेल आणि तुकडे भरपूर हवे असतील तर १६ धरा. असे तुकडे काढायचे तर पिझ्झासारखं त्रिकोणी कापू नका. आधी पाच सेंटीमीटर रुंदीची सरळ पट्टी कापून पाटावर आडवी ठेवा आणि तिचे तुकडे करा. त्रिकोणी कापला की मधला भाग चुरगळतो, आणि पहिल्या दहांना एवढे मोठे तुकडे जातात की शेवटच्यांना उरत नाही.

माणसं चाळीसच्या वर असतील तर एक उंच केक कापण्यापुरता आणि बाकीचा मोठ्या ट्रेमधला चौकोनी केक, त्याच चवीचा आणि तेच आइसिंग लावलेला, स्वयंपाकघरात कापून ठेवायचा. पाहुण्यांना फरक कळत नाही आणि वाढणाऱ्याची धांदल वाचते.

कृती ६ इंची टिनची आहे, माझं ८ इंची आहे. प्रमाण किती वाढवू?

व्यासाचा वर्ग करा. सहा सक छत्तीस, आठ आठे चौसष्ट, म्हणजे साहित्य जवळजवळ पावणेदोनपट. ८ वरून १० वर जाताना दीडपटीहून किंचित जास्त. खूप जण ६ ते ८ म्हणजे ‘दोनच इंच’ म्हणून थोडंसं वाढवतात आणि केक चपटा होतो. लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट: ९ इंची गोल आणि ८ इंची चौकोनी टिनमध्ये जवळपास सारखंच मिश्रण बसतं. बेकिंगचा वेळ मात्र या हिशेबाने वाढत नाही. तो मिश्रणाच्या जाडीवर असतो, म्हणून डोळ्यांनीच बघावं लागतं.

कपाने मोजू की वजनाने?

वजनाने, कायम. कपभर मैदा चमच्याने हलका भरला तर १२० ग्रॅम, कपानेच खुपसून उचलला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. तीन कपांच्या केकमध्ये हा फरक ९० ग्रॅमचा होतो आणि तेवढ्याने केक कोरडा पडतो. शिवाय कपही सगळीकडे एक नाही, कुठे २४० मिलिलिटर तर कुठे २५०. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटर असतो, ऑस्ट्रेलियातल्या कृतींमध्ये २०. बेकिंगसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर नवीन टिन किंवा नोझलचा संच घेण्याआधी वजनकाटा घ्या.

कृतीत सांगितलेल्या वेळेत माझा केक होत नाही, का?

बहुधा ओव्हन जे तापमान दाखवतो ते आत नसतं. आत ठेवायचा थर्मामीटर मिळतो, तो उत्तम. नसेल तर साखरेची परीक्षा करा. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. चमचाभर साखर फॉइलवर पसरून १७५ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा, ती वितळता कामा नये. मग १९० वर पंधरा मिनिटं, आता वितळायला हवी. पहिल्यांदाच वितळली तर तुमचा ओव्हन जास्त तापतो, दुसऱ्यांदाही कोरडीच राहिली तर कमी. ओव्हनचा आतला पंखा लावून भाजत असाल तर कृतीतलं तापमान साधारण २० अंशांनी कमी ठेवा.

केक झाला हे कसं ओळखायचं?

सुई घालून बघतातच सगळे, पण सुई उशिरा सांगते. ती अगदी कोरडी बाहेर येते तोवर बटरचा केक थोडा पुढे गेलेला असतो. दोन-चार ओलसर कण चिकटलेले चालतात. मी आधी कड बघते. केक टिनच्या कडेपासून केसभर सुटायला लागतो. मग बोटाच्या टोकाने मध्यावर हलकं दाबते. खळगा पडून राहिला तर आणखी पाच मिनिटं, चटकन वर आला तर झाला. आणि कान लावते. कच्च्या केकमधून बारीक फसफस ऐकू येते, ओलं पीठ अजून बोलत असतं. तयार केक जवळजवळ गप्प असतो. थर्मामीटर टोचायचा असेल तर मधोमध ९५ ते ९८ अंश.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं टिनमध्येच राहू द्या, मग जाळीवर उलटा. गरमच काढला तर तुटतो, टिनमध्येच विसरला तर खालून ओला होतो.

मधे खचला. काय चुकलं?

तीन कारणं नेहमीची: ओव्हनचं दार लवकर उघडलं, सोडा-पावडर जास्त पडली किंवा केक आतून कच्चा होता. डोंगरासारखा फुगून वर फाटला असेल तर ओव्हन जास्त गरम होता. खचलेला केक टाकू नका. मधला भाग गोल कापून काढा, पोकळीत क्रीम आणि फळं भरा.

साखर कमी केली तर चालेल का?

बटरच्या केकमध्ये एक पंचमांश साखर बिनधास्त कमी करा. त्याहून जास्त कमी केलीत की केकचा पोत बदलतो, कारण साखर नुसती गोडी देत नाही, ती ओलावा धरून ठेवते, रंग आणते आणि लोण्याबरोबर फेटताना हवा कोंडते. फेटलेल्या अंड्यांच्या स्पंजमध्ये साखरेला हात लावू नये. गोडी कमी हवी असेल तर मी आइसिंग बदलते. आइसिंग शुगरच्या बटरक्रीमऐवजी न गोड केलेलं क्रीम किंवा गडद चॉकलेटचं गनाश (चॉकलेट आणि क्रीम एकत्र करून केलेलं आवरण) लावलं की तोच केक पुष्कळ कमी गोड लागतो.

आधी किती दिवस तयारी करता येते?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण समारंभाच्या दिवशी केलेला केक करणाऱ्याला समारंभ बघू देत नाही.

केकचे थर दोन महिने आधीसुद्धा भाजून ठेवता येतात. पूर्ण गार झाले की प्रत्येक थर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, वरून फॉइल, आणि फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर गुंडाळी सोडायची नाही. दव जमतं ते प्लास्टिकच्या बाहेर जमू द्यायचं, केकवर नाही. फ्रीझर चालतो, पण नुसता स्पंज फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या थंडाव्यात स्टार्च सर्वांत भराभर कडक होतो, म्हणून पाव आणि केक तिथे बाहेरच्यापेक्षा लवकर शिळे लागतात. गोठवलं की ही क्रिया थांबते.

माझा क्रम असा. दोन दिवस आधी बटरक्रीम किंवा गनाश. आदल्या दिवशी थर बाहेर काढणं, भरणं, पहिला पातळ हात फिरवून सगळे कण बसवणं, मग अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट करून दुसरा हात. त्याच दिवशी फक्त फुलं, फळं आणि नाव. बिस्किटांचं पीठ आधीच मळून, लाटून, आकार कापून गोठवता येतं. थंडगार पीठ ओव्हनमध्ये कमी पसरतं, त्यामुळे आकारही नीट राहतात.

उन्हाळ्यात कोणतं आइसिंग टिकतं?

व्हिप्ड क्रीम सर्वांत नाजूक. ते फेटतानाच थंडगार लागतं, त्यात निदान ३० टक्के स्निग्धांश हवा, आणि ते कापायच्या वेळेपर्यंत फ्रिजमध्येच राहायला हवं. बटरक्रीम बरं, पण कडक गरमीत त्याचीही कड मऊ होते. गनाश सर्वांत भरवशाचं. गडद चॉकलेट आणि क्रीम समसमान घेतलं तर ओघळ सोडता येतो. गरम दिवसात आवरणासाठी मी दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम घेते. पांढरं चॉकलेट मुळात मऊ, त्याला तीनास एक.

फॉन्डंटचा, म्हणजे साखरेच्या लाटलेल्या पोळीचं आवरण असलेला, केक फ्रिजमधून दमट खोलीत आणला की त्याला घाम सुटतो. पुसू नका, बोटांचे डाग राहतात. पंख्याखाली ठेवा, सुकतो. गडद लाल किंवा काळं बटरक्रीम हवं असेल तर आदल्या दिवशीच रंगवा. रात्रभरात रंग चढतो आणि रंग कमी लागतो.

चमकी आणि खरी फुलं लावता येतील का?

चमकीच्या डबीवर ‘खाण्यायोग्य’ असं लिहिलेलं आणि घटकांची यादी असायला हवी. ‘बिनविषारी’ याचा अर्थ खाण्यायोग्य असा होत नाही. ती शोभेची असते आणि बऱ्याचदा बारीक प्लास्टिकच असते. फुलांच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. कण्हेर, हायड्रेंजिया, लिली ऑफ द व्हॅली ही दिसायला गोड फुलं विषारी आहेत, केकजवळही नकोत. गुलाब, झेंडू, पॅन्सी चालतात, पण खाण्यासाठी वाढवलेले, औषध न फवारलेले. देठ थेट केकमध्ये खुपसू नका.

‘थोडंसं खाल्लं तर काय होतं?’ असं घरचेच म्हणतात तेव्हा काय सांगू?

सांगा की ॲलर्जी आवडीनिवडीसारखी नसते. दूध न पचणं वेगळं आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. पहिल्यात पोट बिघडतं, दुसऱ्यात श्वास अडकू शकतो. शेंगदाणा हा बदाम-काजूच्या जातीचा नाही, तो कडधान्याच्या कुळातला आहे, त्यामुळे ‘सुकामेवा चालत नाही’ एवढ्यावर थांबू नका, नाव घेऊन विचारा. ज्यांना सीलिएक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार) आहे त्यांना त्रास व्हायला मैद्याचा हात लागलेली चाळणी, लाकडी चमचा, ओट्यावरची पिठाची भुकटी एवढंही पुरतं. मी असा केक त्या दिवशी सगळ्यात आधी करते, धुतलेल्या भांड्यांत, नवीन पाकिटातल्या साहित्याने. ज्या गोष्टीची खात्री देता येत नाही तिथे स्पष्ट नाही म्हणते.

एक वर्षाखालच्या बाळाला मध चालत नाही, भाजलेल्या केकमधलाही नको. त्यातले बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे बीजाणू ओव्हनमध्ये मरत नाहीत. आणि केकमध्ये रम किंवा वाइन घातली असेल तर तसं सांगायचं. भाजल्यावर मद्य सगळं उडून जातं हा गैरसमज आहे. मिश्रणात घालून पंधरा मिनिटं शिजवलं तर सुमारे ४० टक्के उरतं, तासाभरानेही २५ टक्के.

तीस माणसांचं जेवणही घरीच करायचं आहे. झेपेल का?

झेपतं, पदार्थ मोजके असतील तर. एक ओव्हनमध्ये, एक शेगडीवर, एक आदल्या दिवशीचा, एक न शिजवायचा, अशी विभागणी करा. चारही शेगडीवरचे ठरवले की ऐन वेळी आच कमी पडते. प्रमाण पाचपट करताना पाणी पाचपट घालू नका. मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी जाते आणि रस्सा पातळ होतो. मीठ-मसाला चारपट घालून चव बघा, मग वाढवा.

खरी काळजी शिजवल्यानंतरची. ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आदल्या दिवशी केलेलं मोठं पातेलं झाकून ओट्यावर ठेवणं ही सर्वांत धोक्याची सवय, कारण मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. उथळ भांड्यांत ओता, भांडी गार पाण्यात ठेवा, मग फ्रिजमध्ये. भाताचं विशेष जपा. त्यातले काही बीजाणू शिजल्यावरही जिवंत राहतात, आणि त्यांचं विष नंतर गरम करून जात नाही. वाढताना सगळं एकदम मांडू नका, थोडं थोडं आणा. पुन्हा गरम करताना मधोमध ७४ अंश यायला हवेत, नुसत्या कडा उकळून उपयोग नाही.

मुलांना मदतीला घ्यावं का?

जरूर. चाळणं, टिनला लोणी लावणं, बिस्किटं कापणं. फक्त कच्चं मिश्रण चाटू देऊ नका, अंडं नसलं तरी. मैदाही कच्चाच असतो आणि त्यातून जंतू जाऊ शकतात.

मेणबत्त्या फुंकल्याने केक खराब होतो का?

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या क्लेम्सन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजलं. फुंकर मारलेल्या आइसिंगवर न फुंकलेल्यापेक्षा सरासरी १४०० टक्के अधिक जंतू निघाले. निरोगी माणसांना एरवी याने त्रास होत नाही. पण कुणाला सर्दी-ताप असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर एका कपकेकवर मेणबत्ती लावा. मूल तोच फुंकतं, तोच खातं, आणि मोठा केक बाजूला राहतो.

केक गाडीतून कसा न्यायचा?

मांडीवर कधीच नाही, सीटवरही नाही. सीट मागे उतरती असते. डिकीच्या किंवा पायाखालच्या सपाट जागेवर न घसरणारी रबरी जाळी टाका आणि त्यावर खोका. माझा एक दोनमजली केक सीटवर ठेवल्याने वळणावर घसरला होता. वरचा थर खोक्याच्या भिंतीला टेकला आणि एका बाजूची सगळी फुलं चपटली. आता खालच्या मजल्यात काड्या उभ्या करते, वरचा मजला पातळ पुठ्ठ्यावर ठेवते आणि शक्यतो दोन्ही वेगळे नेऊन तिथे रचते. निघण्याआधी केक दोन तास फ्रिजमध्ये घट्ट झालेला असावा. सोबत थोडं आइसिंग, सुरी आणि कागदी रुमाल ठेवा.

उरलेल्या केकचं काय?

कापलेल्या बाजूला बटर पेपर चिकटवून ठेवा, कोरडा पडत नाही. क्रीमचा असेल तर फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा. बटरक्रीमचा थंड खोलीत झाकून दोन दिवस राहतो. आणि ज्याला त्या दिवशी यायला जमलं नाही त्याच्यासाठी एक तुकडा आधीच काढून, गुंडाळून, वर नाव लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. माझ्या फ्रीझरमध्ये आत्ताही भाच्याच्या नावाचे दोन आहेत.